युद्धकाळातली बालमजुरी आणि ती संपवण्याची मोहीम: १२ जूनच्या फलकांसाठी नेमका मजकूर हवा

शाहूपुरी_वाचक
१२ जूनच्या बालमजुरीविरोधी दिनासाठी कोल्हापुरातल्या काही माध्यमिक शाळांत फलक लावायचे ठरलंय. यंदाचा विषय युद्धकाळातली बालमजुरी. जमलेल्या मजकुरात जिकडंतिकडं एकच चित्र आहे, हातात बंदूक घेतलेला पोरगा. ते खोटं नाही, पण त्यात बाकीचं सगळं झाकलं जातं. लढाई सुरू झाली की शेतात, गिरणीत, खाणीत आणि लष्करी तळाच्या चुलीपुढं राबणाऱ्या मुलांकडं कुणाचा कॅमेरा वळत नाही.

दोन गोष्टी शेजारी शेजारी लावायचा विचार आहे. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, १९१७ मध्ये, ब्रिटनचे शिक्षणमंत्री एच. ए. एल. फिशर यांनी पार्लमेंटात सांगितलं की युद्धाच्या तीन वर्षांत सुमारे सहा लाख मुलं मुदतीआधी शाळेतून काढून उद्योगात गेली. त्याच १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. संस्थानातून लष्करात भरती चालू होती, तेव्हाच.

माहीतगारांनी यंत्रणा समजावून सांगावी: मुलं कामाला का ओढली जातात, मोहिमांनी नेमकं काय केलं, कुठं फसलं. भावनेचा मजकूर भरपूर आहे, तपशील कमी पडतोय.

मागावरचा_इचलकरंजीकर
इंग्लंडमधल्या लँकेशायरपासून सुरू करा, कारण तिथला हिशेब आपल्याकडच्या माणसाला लगेच कळतो.

सूतगिरणीत अर्धवेळ मुलांची पद्धत होती. वय बारा पूर्ण, शाळेतल्या हजेरीचा दाखला आणि डॉक्टरची सही एवढं असलं की मूल अर्धा दिवस गिरणीत. एक आठवडा सकाळी सहाला कामावर, साडेबाराला सुटी, घरी दोन घास खाऊन दोनच्या सुमारास शाळा. पुढच्या आठवड्यात उलट. शिक्षकांची तक्रार ठरलेली: सकाळपाळीची मुलं दुपारी बाकावर झोपतात.

काम काय, तर म्यूल नावाच्या यंत्रावर तुटलेला तार सांधणं. म्यूलचा गाडा हजारावर चात्या घेऊन सुमारे पाच फूट बाहेर येतो, सूत ओढत आणि पिळत, मग परत आत जातो. गाडा सूत सोडणाऱ्या रुळांजवळ असतो तेवढ्या क्षणात वाकून तुटकं टोक बोटानं चिकटवायचं. तो हुकला तर पुढच्या फेरीपर्यंत चाती रिकामी फिरते. जमीन तेलकट, म्हणून पाय अनवाणी. तार कोरडा पडून तुटू नये म्हणून हवा मुद्दाम गरम आणि दमट ठेवलेली.

आता खरा मुद्दा. या मुलाचा पगार मालक देत नव्हता. मुख्य कातारी, म्हणजे यंत्रावर सूत कातणारा, नगावर मिळणाऱ्या स्वतःच्या मजुरीतून दोन मदतनिसांना द्यायचा, एक मोठा, एक छोटा. छोटा गेला की त्याच्या जागी मोठा माणूस घ्यायचा आणि तो फरक कातारीच्या खिशातून जायचा. म्हणून कापड कामगारांच्या संघटनांनी मतदान घेतलं तेव्हा अर्धवेळ पद्धत बंद करायला विरोध करणाऱ्यांचंच बहुमत निघालं. आईबाप निर्दय नव्हते, मजुरी मोजायची रीतच तशी होती.

आपल्याकडच्या ऊसतोडीतही तसंच: टनावर पैसे आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मोळ्या बांधायला, वाढं गोळा करायला, धाकट्याला सांभाळायला पोर लागतंच, आणि त्याचं नाव कुठल्याच हजेरीत नसतं. वीटभट्टीवर हजार विटांवर हिशेब, तिथंही तेच. मुलाचं नाव पगारपत्रकावर नसेल तर मालक हात झटकून मोकळा. फलकावर हे आधी यावं असं मला वाटतं.

रंकाळा_१९
पण मग युद्धानं काय बदललं? ही पद्धत आधीपासून होतीच की.

मागावरचा_इचलकरंजीकर
तीन गोष्टी बदलल्या. मोठे पुरुष आघाडीवर गेले, माणूस मिळेना. महागाई वाढली, पण सैनिकाच्या घरी येणारा भत्ता ठरावीक, त्यामुळं मुलाच्या चार पैशांना अचानक किंमत आली. आणि कायद्यावरची देखरेख ढिली पडली. दारूगोळ्याच्या कारखान्यांना कामाच्या तासांवरच्या बंधनातून सुटी मिळाली, आणि बारा बारा तासांच्या पाळ्यांत पोरं-पोरी उभी राहिली. खेड्यांत शेतकऱ्यांनी मागितलं की स्थानिक शिक्षण मंडळं बारा वर्षांच्या, कधी अकराच्याही पोरांना हंगामासाठी शाळेतून सोडत. १९१५ मध्ये मजूर पक्षाचे खासदार केअर हार्डी यांनी पार्लमेंटात यावर आवाज उठवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माणूस मिळत नाही हे कारण पुढं करतात, खरं कारण मोठ्या माणसाला पुरेशी मजुरी द्यायची नाही.

कोर्टाचा_जिना
कायद्याची बाजू मी लिहितो.

फिशर यांचा शिक्षण कायदा १९१८ चा. त्यात तीन खिळे होते. चौदा वर्षांपर्यंत शाळा, कुठल्याही सवलतीशिवाय. म्हणजे दाखला दाखवून आधी सुटायची वाट बंद. बाराखालच्या मुलाला कामावर ठेवायला मनाई. आणि चौदानंतर कामाला लागलेल्यांसाठी वर्षाला ३२० तासांची पुरवणी शाळा, तीही मालकाच्या वेळेतून. अर्धवेळ पद्धत प्रत्यक्षात १९२१ मध्ये संपली. पहिले दोन खिळे टिकले. तिसरा निखळला: १९२२ च्या काटकसरीत पुरवणी शाळा जवळपास सगळ्या बंद पडल्या. मनाईला पैसे लागत नाहीत, शाळेला लागतात, म्हणून कात्री कायम शाळेवर चालते. आजही अनेक युद्धग्रस्त देशांत हेच पाहायला मिळतं.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. १९१६ च्या कायद्यानं कारखान्यात चौदाखालचं आणि खाणीत सोळाखालचं मूल ज्या जागी मागच्या तीस दिवसांत कामाला होतं, तिथला माल दुसऱ्या राज्यात पाठवायला बंदी घातली. मुलापेक्षा मालाला पकडायचं, ही युक्ती चांगली होती. पण जून १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला, आणि टिकाऊ केंद्रीय कायदा यायला १९३८ उजाडलं.

आणि भारत? १९१९ च्या पाचव्या क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय कामगार करारात उद्योगासाठी किमान वय चौदा ठरलं, भारतासाठी मात्र वेगळं कलम घालून बारा, तेही यंत्रशक्तीवर चालणारे आणि दहापेक्षा जास्त माणसं असलेले कारखाने, खाणी, रेल्वे आणि गोद्या एवढ्यापुरतं. १९२२ च्या दुरुस्तीनं ते आपल्या फॅक्टरी कायद्यात आलं. मग पळवाट निघाली: एकच मूल दोन दाखले काढून सकाळी एका गिरणीत, दुपारी दुसऱ्या गिरणीत. कागदावर दोन अर्धवेळ मुलं, प्रत्यक्षात एकच, दिवसभर राबणारं. अर्धवेळ कामाला परवानगी दिली की ते अर्धवेळ आहे हे तपासणारा माणूस दोन्ही दारांत उभा करावा लागतो, आणि तो कधीच नसतो.

पंचगंगा_घाट
१९१७ च्या करवीर कायद्याबद्दल एक शंका. महिना एक रुपया दंड त्या काळच्या शेतमजुराला झेपणारा नव्हता. गरिबालाच शिक्षा झाली म्हणायची का?

कोर्टाचा_जिना
शंका रास्त आहे. नुसत्या दंडानं काम होत नाही हे वर लँकेशायरच्या हिशेबातूनही दिसतं. म्हणून सक्तीच्या जोडीला मोफत हा शब्द होता. फी नाही, शाळा गावात, आणि वसतिगृहांचं जाळं आधीपासून उभं. तुलनेला शेजारचा मुंबई इलाखा घ्या: १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा नगरपालिकांना सक्ती करायची मुभा देणारा होता, सक्ती करणारा नव्हता. ज्या पालिकेला नको, ती गप्प बसली. करवीरच्या कायद्यात जबाबदारी संस्थानानं स्वतःवर घेतली. फलकावर दंडाचा रुपया मोठ्या अक्षरात आणि मोफत शाळा बारीक अक्षरात असं करू नका, उलट करा.

वळिवडे_रोड
कोल्हापूरच्या फलकांत वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी नसेल तर काय उपयोग.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हलवलं. जंगलतोड, सामूहिक शेती, विटा. तिथं पावाचं माप कामावर ठरायचं: काम करणाऱ्याला जास्त, न करणाऱ्याला कमी. बाप कैदेत किंवा गेलेला, आई आजारी, म्हणजे दहा-बारा वर्षांचं पोर पावासाठी कामावर. तिथं कुणी मुकादम दारात येऊन ओढत नव्हता, शिधापत्रिकाच ओढत होती. १९४१ च्या ऑगस्टमध्ये सुटकेचा हुकूम निघाला, १९४२ मध्ये कास्पियन ओलांडून इराण, तिथून कराची, आणि १९४३ पासून त्यातले सुमारे पाच हजार जण आपल्या वळिवड्याच्या छावणीत. बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत छावणी होती. आज तिथं गांधीनगर आहे, आणि महावीर उद्यानात त्यांचं स्मारक.

छावणीत मुलांसाठी काय केलं ते बारकाईनं पाहा. त्यांच्याच भाषेत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, स्काउट, चर्च, नाटकाचा रंगमंच. म्हणजे दिवस भरलेला. आणि घरटी निर्वाहाचे पैसे मुलाच्या कामावर अवलंबून नव्हते. शिधा आणि मजुरी यांची गाठ सोडवली की मूल शाळेत जातं. सैबेरियात ती गाठ घट्ट होती, इथं सुटली होती. मुलं तीच होती.

शाहूपुरी_वाचक
वळिवडेवाले, हा फलक तुमच्याच शब्दांत घेतो. आता आजच्या काळाकडं येऊ. २०२४ च्या जागतिक अंदाजात १३ कोटी ८० लाख मुलं मजुरीत, त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या ८.७ क्रमांकाच्या उद्दिष्टात बालसैनिक आणि बालमजुरी एकाच वाक्यात आहेत, मुदत होती २०२५. ती गेली.

छावणी_ते_शाळा
सशस्त्र गटांतली मुलं हाही मजुरीचाच प्रकार धरलाय, हे आधी लिहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९९ च्या १८२ क्रमांकाच्या करारात सक्तीची लष्करी भरती ही बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांत घातली आहे. २०२० मध्ये टोंगानं मान्यता दिली आणि हा करार सगळ्या सदस्य देशांनी स्वीकारलेला पहिला करार ठरला. भारतानं २०१७ मध्ये मान्यता दिली. २००७ च्या पॅरिस तत्त्वांत व्याख्या आणखी नेमकी: अठराखालचं कुणीही, लढणारं असो, स्वयंपाकी, हमाल, निरोप्या, हेर, किंवा लैंगिक वापरासाठी ठेवलेलं असो. ही व्याख्या इतकी रुंद का करावी लागली, त्याचं कारण आधीच्या फसलेल्या कामात आहे.

सिएरा लिओनमध्ये युद्ध संपताना नियमानं मुलांना बंदूक जमा करायची अट नव्हती. पण शस्त्रं जमा करायच्या शिबिराच्या दारात बंदूक विचारली जायची, आणि स्वयंपाक, ओझी, पाणी यासाठी पळवून नेलेल्या मुलींकडं बंदूक कुठून येणार? त्या यादीबाहेर राहिल्या. जिच्याकडं होती, तिची कमांडरनं काढून आपल्या माणसाला दिली. लायबेरियात २००३-०४ मध्ये उलटी चूक झाली: मुलांनाही मोठ्यांसारखे ३०० डॉलर रोख. कमांडर मुलांना रांगेत उभं करायचे आणि बाहेर पडताना वाटा घ्यायचे. एक लाखाहून जास्त लोक नोंदले गेले, जमा झालेली शस्त्रं मात्र सुमारे २८ हजार.

आता कामाचा क्रम असा असतो. मूल सैन्याच्या किंवा पोलिसांच्या हाती लागलं की ठरलेल्या तासांत बालसंरक्षण संस्थेच्या ताब्यात द्यायचं, लष्करी माहितीसाठी चौकशी करायची नाही. मालीनं २०१३ मध्ये आणि चाडनं २०१४ मध्ये असे लेखी करार केले. मग थोड्या मुदतीचं निवाराघर. ते लांबलं की मूल गावाला परकं होतं, म्हणून नातेवाइकांचा शोध पहिल्या दिवसापासून. शोधाच्या अर्जात आईबापांची नावं पुरत नाहीत: गावाचं बोलीतलं नाव, शेजारचा ओढा, बाजाराचा वार, शिक्षकाचं नाव असं सगळं लिहून घेतात, कारण लहानपणी उचललेल्या मुलाला जिल्हा माहीत नसतो. शेवटी घरी सोडणं, आणि शाळेत किंवा कामाच्या शिक्षणात नाव. मदत त्या मुलापुरती न देता गावातल्या इतर गरीब मुलांनाही द्यायची. नाहीतर बंदूक धरलेल्याला शिवणयंत्र आणि न धरलेल्याला काहीच नाही, असं दिसतं आणि गावाचा राग मुलावर निघतो.

रंकाळा_१९
तक्रार कुठं करायची सोय असते का अशा देशात? आईबाप सैन्याविरुद्ध बोलणार कसे?

छावणी_ते_शाळा
म्यानमारचं उदाहरण घ्या. तिथं सैन्य गावकऱ्यांना, मुलांनाही, ओझी वाहायला नेत असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं चौकशी आयोग नेमला, आणि २००० मध्ये आपल्या घटनेचं ३३ वं कलम, म्हणजे न ऐकणाऱ्या सदस्य देशाविरुद्ध पावलं उचलायची तरतूद, इतिहासात पहिल्यांदा वापरलं. त्या दबावामुळं २००७ मध्ये तक्रारीची खिडकी उघडली. संघटनेच्या प्रतिनिधीकडं पालक थेट अर्ज देऊ शकत होते, आणि तक्रारदाराला त्रास द्यायचा नाही ही लेखी अट होती. अर्जाला वयाचा कागद लागायचा: कुटुंबनोंद, शाळेचा दाखला. आणि मूल कधी, कुठून, कुठल्या तुकडीनं नेलं तेही. अनेक मुलं या वाटेनं सुटली. तुकडीचा क्रमांक नसेल तर सैन्य सरळ म्हणायचं, असा कुणी आमच्याकडं नाही.

वीटभट्टी_ते_बालवाडी
लेबनॉनच्या बेका खोऱ्याबद्दल लिहिते, कारण वाचताना सारखी आपली ऊसतोड डोळ्यांपुढं येते. सीरियातून पळून आलेली कुटुंबं शेतजमिनीवर तंबू टाकून राहतात. तंबूच्या जागेचं भाडं, किराणा, दवाखाना, सगळ्यासाठी 'शावीश' नावाचा माणूस उचल देतो. तोच शेतमालकाला मजूर पुरवतो, सकाळी गाडी भरतो, मजुरी त्याच्या हातात येते आणि तो कापून घेऊन उरलेली देतो. मुकादमच. बटाटे वेचायला मुलं बरी पडतात: वाकायला त्रास नाही, आणि रोज मोठ्या माणसापेक्षा कमी. तंबूचं भाडं थकलं की शावीश स्वतःच सांगतो, पोर पाठव.

तिथं मोहिमेनं दोन गोष्टी एकत्र केल्या. सरकारी शाळांत निर्वासित मुलांसाठी दुपारची पाळी, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामागं दरमहा रोख. 'मिन इला' नावाच्या योजनेत मोठ्या मुलाला रक्कम जास्त ठेवली होती, कारण त्याची मजुरी जास्त बुडते. निकाल असा: नाव असलेल्यांची हजेरी वाढली, नवी नावं मात्र तेवढी वाढली नाहीत. पैसे कमी पडले म्हणून नव्हे, वर्गात जागाच नव्हती.

पंचगंगा_घाट
ताई, रोख दिली तर ती शावीशच घेणार ना? आपल्याकडं उचलीत किती काय बुडतं ते दिसतंच.

वीटभट्टी_ते_बालवाडी
धोका आहेच दादा. म्हणून रक्कम थेट कुटुंबाच्या कार्डावर, आणि तंबूच्या भाड्याची मदत वेगळी. कर्ज थकलेलं असेल तर कुठलीही रोख आधी कर्जात जाते. आपल्या बंधमुक्तीच्या, म्हणजे वेठबिगारी संपवणाऱ्या कायद्यातही हेच दिसतं: नुसती सुटका करून भागत नाही, प्रांताधिकाऱ्यांचा मुक्ततेचा दाखला हवा. वेठबिगारीची उचल कायद्यानं आधीच रद्द असते, पण ते दाखवायला हा कागद लागतो, आणि पुनर्वसनाचे पैसे मागायलाही तोच. दाखला न घेता कुटुंब गावी पाठवलं तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम दारात.

कोर्टाचा_जिना
सगळीकडे वयाच्या पुराव्यावर येऊन गाडी अडते, म्हणून एक फलक त्यावर करा. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला निकाल, मार्च २०१२, कांगोतल्या सशस्त्र गटाचा प्रमुख थॉमस लुबांगा: पंधराखालच्या मुलांची भरती आणि लढाईत वापर, शिक्षा १४ वर्षं. न्यायालयानं 'आम्ही बालसैनिक होतो' म्हणत आलेल्या साक्षीदारांवर विसंबायचं नाकारलं, कारण मध्यस्थांनी त्यांना शिकवल्याची शंका होती. निकाल टिकला तो मुख्यतः चित्रफितींवर, ज्यात मुलं पंधरापेक्षा स्पष्ट लहान दिसत होती. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लुईस हाइन गिरण्यांत फोटो काढायचे, तेव्हा मुलाची उंची आपल्या कोटाच्या बटणांवर मापून खिशातल्या खिशात टिपून ठेवायचे. कारण तेच, वय सिद्ध करायचं होतं.

आपल्याकडं बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी, आदेशापासून पंधरा दिवसांत. हाडांच्या तपासणीत एखाद-दोन वर्षांचा फरक पडतोच, म्हणून ती शेवटी. आणि याच कायद्याचं ८३ वं कलम: सशस्त्र गटानं मुलाला वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड.

शाहूपुरी_वाचक
शेवटच्या फलकावर आपल्या जिल्ह्यात मूल कामावर दिसलं तर काय करायचं ते हवं. फार लांब नको.

वीटभट्टी_ते_बालवाडी
असं लिहा. १०९८ वर फोन, लागला नाही तर ११२. जागा, वेळ, मुलांची अंदाजे संख्या, कामाचा प्रकार, मालकाची पाटी, एवढं सांगायचं. स्वतः जाऊन मालकाशी वाद घालायचा नाही, तासाभरात मुलं दुसरीकडं हलवली जातात. मुलाचा फोटो समाजमाध्यमावर टाकायचा नाही, त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कामगार कार्यालय, पोलीस आणि बालसंरक्षण कक्षाचं पथक जातं. सुटलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा दखलपात्र गुन्हा आहे: सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही.

एक पळवाट आधीच सांगून ठेवा. 'घरच्या कामात मदत करतंय' असं मालक म्हणतो. कायद्यातली सवलत स्वतःच्या घरच्या धंद्यापुरती, शाळेची वेळ सोडून आणि धोक्याचं काम नसेल तरच. दुसऱ्याच्या भट्टीवर आईबाप मजूर असतील तर तो घरचा धंदा होत नाही. पथकातला माणूस नवा असेल तर तोही इथं गोंधळतो, म्हणून तक्रारीतच लिहायचं: भट्टी अमक्याची, आईबाप हजारावर मजुरीला. आणि स्थलांतर करून आलेलं मूल असेल तर मूळ शाळेचं शिक्षण हमी कार्ड मागा. ते असलं की जवळच्या शाळेनं त्याला मधूनच बसवून घ्यायचं असतं.

कोर्टाचा_जिना
त्यात एक ओळ वाढवा: सुटका होताना थकलेल्या मजुरीचा आकडा पंचनाम्यातच लिहून घ्यायचा. नंतर तो सिद्ध करता येत नाही.